पोहरादेवीस वकिलांचे सामाईक ग्रंथालय हवे

दि. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पोहरादेवी येथे नगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय पंतप्रधानांच्या हस्ते उघडण्यात आले. संत सेवालाल महाराजांच्या समाधिस्थानी अशी वास्तू उभी राहिली याचा आनंद कोणास होणार नाही? परंतु ज्या समाजाचा भूतकाळ तेथे मांडला आहे, त्याच समाजातील विद्यार्थ्यास पडताळणी समितीपुढे आपली जात सिद्ध करावयाची वेळ आली म्हणजे त्याच्या वकिलाने कोणत्या कपाटाकडे धावावे, याचा विचार अद्याप कोणी केलेला दिसत नाही.

प्रश्न किरकोळ नव्हे. महाराष्ट्राच्या 2000 सालच्या जातप्रमाणपत्र अधिनियमाने जात सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्याच्याच शिरावर ठेवला आहे. विमुक्त जातींच्या बाबतीत कुटुंबाचे या राज्यातील वास्तव्य 21 नोव्हेंबर 1961 हा दिवस धरून पाहिले जाते. ज्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून मुलूखभर हिंडले, त्यांजकडे जुना सातबारा वा शाळेचा दाखला नसावा यात नवल ते काय? मग कोतवाल बुकातील एखादी नोंद, जुने गॅझेटियर आणि माधुरी पाटील प्रकरणातील 1994 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय एवढ्यावर सारी भिस्त राहते. मुदतीत काम झाले नाही तर मुलाची जागा जाते. ती पुढे निकालाने परत मिळत नाही.

तशात हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो. सप्टेंबर 2025 मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार दाखवून अनुसूचित जमातीची मागणी जोराने पुढे आली. ती योग्य की अयोग्य हा आजचा विषय नव्हे. परंतु वाशीमचा प्रदेश वऱ्हाडाबरोबर 1853 साली इंग्रजी कारभारात गेला. तेव्हा येथील जुनी माहिती पाहू जाता आल्फ्रेड लायल यांचे 1870 चे वऱ्हाडचे गॅझेटियर आणि रसेल व हिरालाल यांचे 1916 चे चार खंड उघडावे लागतात. मानोऱ्याच्या किंवा दिग्रसच्या तरुण वकिलाने हे सारे एकट्याने विकत घ्यावे काय? दि. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची 358 कलमे आली, तरी त्यापूर्वीच्या गुन्ह्यांसाठी 511 कलमांचे जुने दंडविधान टाकून देता येत नाही. कपाट दुप्पट झाले, मिळकत मात्र होती तेवढीच!

यास उपाय एकच. वकीलमंडळींनी वर्गणी करून देवघेवीचे सामाईक ग्रंथालय काढावे. ही कल्पना काही आमच्या डोक्यातून निघालेली नव्हे. एडिंबरोच्या वकिलांचे ग्रंथालय 1689 साली उघडले. फिलाडेल्फियाच्या वकिलांनी 1802 साली संघ काढला तो मुळी पुस्तकांसाठीच. आमच्या व्यापारी वाचकांस तर हे समजावून सांगण्याचे कारण नाही. कापसाच्या बाजारात एका धर्मकाट्यावर सर्वांची गाडी तोलली जाते. प्रत्येक अडत्या आपला काटा बांधीत नाही.

कोणी म्हणतील, आता सर्व काही मोबाईलवर आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निकालवृत्त 2023 पासून विनामूल्य खुले झाले ही गोष्ट खरी, आणि म्हणूनच निकालांच्या जाड खंडांवर एक पैसाही खर्चू नये असे आमचे मत आहे. पैसा टीकाग्रंथांवर, राज्याच्या स्थानिक कायद्यांवर, न्यायव्यवहार कोशावर व जुन्या दप्तरांच्या प्रतींवर खर्चावा.

खरी अडचण निराळीच आहे, व ती कोणी उघड बोलत नाही. आपण कोणते पुस्तक नेले हे प्रतिपक्षाच्या वकिलास कळेल, आपला मुद्दा फुटेल, ही भीती. ती अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यासाठी देवघेवीची वही ग्रंथपालाखेरीज कोणी पाहू नये, असा कडक नियम करावा. परंतु प्रतिपक्षाने पुस्तकच वाचू नये म्हणून ते घरी दडवून ठेवणे ही वकिली नव्हे. दोन्ही बाजूंनी कायदा वाचून यावा, म्हणजे तारखा वाचतात. आणि तारखेचा खर्च वकिलाच्या नव्हे, तांड्यावरून एस. टी. ने येणाऱ्या अशिलाच्या कनवटीतून जातो.

पुस्तक सात दिवसांहून अधिक ठेवू नये, ठेवणाऱ्यास दंड व्हावा, आणि दंडाच्या बाबतीत ज्येष्ठांस सूट नसावी. (ज्येष्ठांकडून पुस्तक परत मागणे किती कठीण, हे कनिष्ठांस विचारावे!) आरंभी इमारतही नको. प्रत्येकाने आपल्या पुस्तकांची यादी द्यावी, पुस्तके ज्याची त्याच्या घरी राहू द्यावीत. एकत्र यादी झाली की अर्धे ग्रंथालय झाले.

जागा पोहरादेवीचीच का? रामनवमीच्या यात्रेस तेथे महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणातून भाविक येतात. त्यांत वकीलही असतात. तिन्ही राज्यांचे शासननिर्णय व निकाल एका कपाटात आणावयास याहून सोयीचे ठिकाण नाही. याच बंजारा समाजातील वसंतराव नाईक 1963 साली मुख्यमंत्री होण्यापूर्वी जवळच्या पुसदेस वकिली करीत, हे येथील वकीलवर्गाने आठवावे. मानोरा, कारंजा, दिग्रस व पुसद येथील वकील संघांनी यात्रेपूर्वी एक बैठक घ्यावी, आणि संग्रहालयाच्या चालकांकडे एक खोली व दोन कपाटे मागावीत.