केळुसकर कोठें आहेत?

दहावीचा निकाल लागला कीं गुणवंतांचा सत्कार करण्यांत आपलें नगर मागें राहत नाहीं. हार, पेढे, भाषणें, सर्व यथास्थित होतें. परंतु सभा संपल्यावर मजुराच्या किंवा सफाई कामगाराच्या मुलास जवळ बोलावून, ‘बाळ, आतां पुढें काय करणार?’ असें विचारणारा गृहस्थ शंभरांत एक तरी निघतो काय?

१९०७ सालीं भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हां कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्यांस भेट दिलें. गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहींत. पुढें कॉलेजचा खर्च वडिलांस झेपेना, तेव्हां त्यांनीं सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळवून दिली. बुद्धि भीमरावांची, द्रव्य बडोद्याचें. पण या दोहोंची गांठ घालून देणारा मनुष्य नसता तर?

आज मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति आहे, राखीव जागा आहेत, वसतिगृहें आहेत. उणीव आहे ती वाट दाखविणाऱ्याची. अकरावीस कलाशाखा घेतली कीं अभियांत्रिकीची व वैद्यकाची वाट सहसा बंद होते, हें त्या घरांत कोणास ठाऊक असतें? दहावीनंतर तंत्रनिकेतनांतील पदविका घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळूं शकतो, हें कोण सांगतो? शिवाय राखीव जागेसाठीं केवळ जातीच्या दाखल्यावर भागत नाहीं. जातवैधतेचें प्रमाणपत्र लागतें, व अनुसूचित जातीच्या मुलास त्यासाठीं १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा घराण्याचा लेखी पुरावा शोधावा लागतो. ज्याचा आजा शाळेंत गेलाच नाहीं, त्यानें आजाचा शाळेचा दाखला कोठून आणावा? जुनीं महसुली दप्तरें धुंडाळण्यास अवधि लागतो. हा शोध बारावीच्या निकालानंतर सुरू झाला, तर गुणांनीं मिळविलेली जागा कागदावांचून हातची जाते.

कोणी म्हणेल, ज्यास गरज असेल तो विचारील. पण विचारावें कोणास? आपल्या मुलास मामा डॉक्टर असतो, काका वकील असतो, शेजारी इंजिनियर असतो. ही आपली मिळकत कोणत्याच खतावणींत दिसत नाहीं, म्हणून ती आपल्यापाशीं आहे याचा आपणांस विसर पडतो. ज्या घरांतून पहिलाच मुलगा दहावीपर्यंत पोंचला, त्याच्यापाशीं ती नाहीं. आणि ज्यास काय विचारावें हेंच ठाऊक नाहीं, त्यास न विचारल्याचा दोष देणें न्याय्य नव्हे.

आमची सूचना लहान आहे. नगरवाचनालयांत दर रविवारीं दोन तास एक मेज मांडावें. तेथें एक शिक्षक, एक वकील व कचेरीच्या कामांत मुरलेला एक पेन्शनर पाळीपाळीनें बसावा, आणि नववीपासूनच्या मुलांचे दाखले, अर्ज व मुदती यांची नोंद ठेवावी. यास लागणारा खर्च व्यापारी मंडळींस जड नाहीं. देण्याची मुदत चुकली म्हणजे काय होतें, हें त्यांस सांगावयास नको. अर्जाची मुदत चुकली म्हणजे एका घराची एक पिढी मागें पडते. पुढील सत्काराच्या हारांतून चार हार कमी करा, पण हें मेज या महिन्यांतच मांडा.