कॉर्डलेस फोनची खरेदी : भय आणि विवेक

बाजवा हे बडोद्यालगतचे रेल्वेचे गाव. खताचा मोठा कारखाना शेजारी, कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखानाही जवळच. त्यामुळे हवेतून काय येते याविषयी येथील माणूस स्वभावतःच सावध असतो. वायूची गळती झाली तर निदान नाकास वर्दी मिळते. रेडिओलहरींना ना वास, ना रंग. म्हणूनच त्यांच्याविषयीचे भय त्वरित पसरते, आणि भयाच्या पाठोपाठ त्याचा बाजारही उभा राहतो.

खाली दुकान व वर बिऱ्हाड अशी ज्यांची राहणी, त्यांस घरातला कॉर्डलेस फोन फार सोयीचा. परंतु 'याच्या रेडिएशनने मुलांना अपाय तर होणार नाही ना?' असा प्रश्न गृहिणी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र भयाने नव्हे, तर हिशेबाने दिले पाहिजे.

आजचे बहुतेक कॉर्डलेस फोन 'डेक्ट' पद्धतीचे असतात. बोलत असताना हातातील यंत्र २५० मिलिवॅट शक्तीने लहरी सोडते खरे. पण वेळेच्या २४ भागांपैकी एकाच भागात. म्हणजे सरासरी सुमारे १० मिलिवॅट. जुन्या जीएसएम मोबाइलची सरासरी २५० मिलिवॅटपर्यंत जाऊ शके, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रमाण कळते. खरी मेख आहे ती मूळ ठाण्यात, म्हणजे बेसमध्ये. साध्या फोनचा बेस कोणी बोलत नसतानाही सेकंदास १०० वेळा खुणेच्या लहरी सोडीत राहतो, आणि आपण नेमका तोच उशाशी ठेवतो!

शास्त्राचा निर्वाळा काय? या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नव्हेत. अणूची मोडतोड करण्याइतके बळ त्यांच्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०११ साली त्यांस 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात घातले, कारण पुरावा अपुरा होता. त्याच संघटनेने करविलेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. तात्पर्य, घाबरण्याचे कारण नाही. पण बिनखर्चाची सावधगिरी सोडण्याचेही कारण नाही.

म्हणून खरेदीच्या वेळी दुकानदारास दोन प्रश्न अवश्य विचारावेत. बोलणे नसताना बेसच्या लहरी पूर्णपणे थांबतात काय? आणि यंत्र बेसजवळ असता शक्ती आपोआप कमी होते काय? काही कंपन्या पहिल्या सोयीस 'ईको मोड प्लस' म्हणतात. ती बहुधा स्वतः सुरू करावी लागते, जोडलेल्या प्रत्येक यंत्रात असावी लागते, आणि तीमुळे बॅटरी काहीशी लवकर उतरते. हेही ऐकून घ्यावे. नुसत्या 'ईको' या शब्दावर भुलू नये. बेस शयनगृहात न ठेवता जिन्यापाशी वा ओसरीवर ठेवावा. अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता सुमारे चौथाईवर येते. लांबलचक बोलणी तारेच्या फोनवर करावीत. त्याच्या रिसीव्हरमधून रेडिओलहरी निघतच नाहीत.

आता आपल्याच बांधवांस एक शब्द. फोनवर चिकटविण्याच्या 'रेडिएशनरोधक' चकत्या बाजारात विकल्या जातात. अशाच वस्तूंच्या दोन विक्रेत्यांवर अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने २००२ साली कारवाई केली होती. चकतीने लहरी खरोखरच अडविल्या तर मोबाइल अधिक शक्ती लावून बोलू पाहील. न अडविल्या तर ग्राहकाचे पैसे वाया गेले. दोन्ही परींनी व्यवहार खोटाच. आपल्यापैकी जे विजेच्या मालाचा व्यापार करतात, त्यांनी असा माल फळीवर ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आईच्या काळजीवर नफा काढणे हे वजनात मारण्याहून कमी दोषाचे नाही. त्याऐवजी फोन विकताना तिला बेस कोठे ठेवावा एवढे सांगावे. पेढीची पत त्यानेच वाढेल.