स्तनाच्या कर्करोगाचा उपचार आणि वजनाचा काटा

कर्करोगाच्या दुखण्यातून उठलेल्या बाईने जरा अंग धरले की घरात समाधान पसरते. 'तब्येत सुधारली हो,' असे शेजारीण म्हणते आणि ताटात आणखी एक लाडू पडतो. पिढ्यान् पिढ्यांच्या दारिद्र्याने आणि क्षयासारख्या रोगांनी कृशता म्हणजे आजार व भरलेले अंग म्हणजे आरोग्य, हे समीकरण समाजमनावर कोरले आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र ते तपासून पाहिले पाहिजे.

या वयातील बहुसंख्य रुग्णांच्या गाठी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसल्या जातात. हे नाते जुनेच आहे. बीजांडकोश काढल्यास काही रुग्णांच्या गाठी ओसरतात, हे ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले होते. रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोशांतील इस्ट्रोजेन आटते. पण शरीरातील इस्ट्रोजेन संपत नाही. अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या पुरुष-संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारे अ‍ॅरोमटेज नावाचे एन्झाइम मुख्यतः चरबीत असते. साहजिकच चरबी जितकी अधिक, तितके हे उत्पादन अधिक.

अ‍ॅनास्ट्रोझोल, लेट्रोझोल व एक्झेमेस्टेन या गोळ्या या एन्झाइमचे काम रोखतात. त्या साधारणपणे पाच वर्षे घ्याव्या लागतात आणि पंचेचाळीस किलोच्या स्त्रीला जी मात्रा, तीच नव्वद किलोच्या स्त्रीला. तेव्हा दोघींना गुण सारखाच येतो काय, हा प्रश्न ओघानेच येतो.

अ‍ॅनास्ट्रोझोल आणि जुने टॅमॉक्सिफेन यांची तुलना करणाऱ्या 'अटॅक' या मोठ्या चाचणीतील रुग्णांचे या दृष्टीने केलेले विश्लेषण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचा वजन-उंची निर्देशांक ३५ हून अधिक होता, म्हणजे दीड मीटर उंचीला सुमारे ७९ किलोंहून अधिक वजन, त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण २३ हून कमी निर्देशांक असलेल्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळले. टॅमॉक्सिफेनच्या तुलनेत अ‍ॅनास्ट्रोझोलचा लाभही सडपातळ स्त्रियांत अधिक दिसला. उलट लेट्रोझोलच्या मोठ्या चाचणीच्या २०१२ मधील विश्लेषणात वजनामुळे दोन औषधांतील तफावत बदलल्याचे सिद्ध झाले नाही. निष्कर्ष एकमुखी नाहीत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु स्थूल स्त्रियांच्या रक्तात उपचार चालू असतानाही इस्ट्रोजेन तुलनेने अधिक उरते, हे २०१२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे.

यावरून कोणी भलताच अर्थ काढू नये. वजन जास्त म्हणून गोळी व्यर्थ, असे मुळीच नाही. 'अटॅक' चाचणीत सर्व वजनगटांत अ‍ॅनास्ट्रोझोलने रोग उलटण्याचे प्रमाण टॅमॉक्सिफेनपेक्षा कमीच राहिले. गोळी स्वतःच्या मनाने वाढवणे किंवा बंद करणे घातक ठरेल. उपास करून अंगातील ताकद घालवणेही तितकेच अनिष्ट.

त्याहून मोठा धोका दोषारोपाचा आहे. 'तूच वजन वाढवलेस' असे ऐकवणे सोपे असते. पण याच गोळ्यांनी अनेकींचे सांधे धरतात आणि जिना चढणेही नकोसे होते, याचा विचार ऐकवणारा करीत नाही. नियमित व्यायामाने ही सांधेदुखी कमी होते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. हे रुग्णाला सांगायचे कोणी? बाह्यरुग्ण विभागातील रांगेत तिच्या वाट्याला काही मिनिटे येतात; त्यांत गोळ्यांची चिठ्ठी मिळते, आहाराचा आणि चालण्याचा सल्ला मिळतोच असे नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९–२१ मध्ये देशातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. शहरांत हे प्रमाण ३३ टक्क्यांच्या घरात होते. म्हणजे हा प्रश्न मूठभर श्रीमंत घरांचा राहिलेला नाही. प्रत्येक भेटीत वजनाची नोंद करणे, आहारतज्ज्ञ व व्यायाम शिकवणारा यांची गाठ घालून देणे, हा उपचाराचाच भाग मानला गेला पाहिजे. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. आणि घरच्यांनी आणखी एक लाडू वाढण्याऐवजी संध्याकाळी तिच्याबरोबर अर्धा तास चालावे. मायेचे ते अधिक हितकर रूप ठरेल.