‘पुढे’ दाबण्यापूर्वी घड्याळ पाहा

फॉल-इनला दोन मिनिटे उशीर झाला तर काय होते, हे प्रत्येक कॅडेटला ठाऊक आहे. पण संगणकाचे घड्याळ साडेपाच तास चुकले, तर शिक्षा कोणाला होते? माझ्या चुकीची शिक्षा एका ज्युनिअरला झाली, म्हणून हे लिहितो आहे.

गेल्या सत्रात संगणक कक्षातील काही मशीनवर विंडोजच्या जोडीला लिनक्स बसवण्याचे काम आम्हा तिघांकडे होते. इन्स्टॉल करताना वेळेचे पान आले. ‘सिस्टिमचे घड्याळ यूटीसीवर आहे’ या ओळीपुढे आधीच टिक होती. मी ती ओळ न वाचताच ‘पुढे’ दाबले.

पंधरा दिवसांनी एका ज्युनिअरने त्यातल्या एका मशीनवर आपला प्रकल्प दुपारी ४.१० वाजता सेव्ह केला. मुदत संध्याकाळी ६ पर्यंत होती. फाइलवर मात्र वेळ दिसली रात्री ९.४०. कक्षाला तर ७ वाजताच कुलूप लागते. म्हणजे याने मुदत तर चुकवलीच, वर रात्री चोरून आत शिरला, असा अर्थ निघाला. तो परोपरीने सांगत राहिला. पण मशीन खोटे कशाला बोलेल, असे सर्वांना वाटले. मलासुद्धा. त्याने दोन दिवस एक्स्ट्रा ड्रिल केली.

तिसऱ्या दिवशी मी त्याच मशीनवर बसलो. मनगटावरचे घड्याळ आणि पडद्यावरचे घड्याळ यांत बरोबर साडेपाच तासांचा फरक होता. तेव्हा उलगडा झाला. मदरबोर्डवर छोट्या सेलवर चालणारे एक घड्याळ असते. विंडोज त्यात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स सहसा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. दर अंशाला ४ मिनिटे धरली की ३३० मिनिटे होतात, म्हणून आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. विंडोजने ठेवलेली भारतीय वेळ लिनक्सने यूटीसी समजून घेतली आणि तिच्यात आणखी साडेपाच तास मिळवले.

मी सरांकडे जाऊन चूक कबूल केली. शिक्षा रद्द झाली, पण झालेली ड्रिल कोण परत देणार?

काही जण म्हणतात, इंटरनेट असले की घड्याळ आपोआप जुळते. हे अर्धेच खरे आहे. इंटरनेटवरून यूटीसी अचूक मिळते; ती कोणत्या टाइम झोनमध्ये दाखवायची, ही सेटिंग चुकीची असेल तर अचूक वेळही चुकीचीच दिसते. शिवाय आमच्या त्या मशीनना इंटरनेट नव्हतेच.

सैन्यात दूरदूरच्या तुकड्यांच्या वेळेत गोंधळ होऊ नये म्हणून ‘झुलू’ वेळ वापरतात. ती यूटीसीच. वेळ सांगताना ती कोणती, हेही सांगायचे, ही शिस्त आपण संगणकालाही लावली पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे असे. लिनक्सच्या यादीत भारतासाठी ‘आशिया/कोलकाता’ हा झोन निवडावा. साऱ्या देशाला तोच लागू आहे. मशीनवर एकटे लिनक्स असेल तर आतले घड्याळ यूटीसीवर ठेवावे. सोबत विंडोज असेल तर दोघांना एकच पद्धत लावावी. मग दोन्ही सिस्टिम एकेकदा सुरू करून वेळ मनगटी घड्याळाशी ताडून पाहावी आणि ज्याने काम केले त्याने नोंदवहीत सही करावी.

आणि सीनिअर्सना, इन्स्ट्रक्टर सरांना नम्र विनंती : फाइलवरची वेळ पाहून कोणाला दोषी धरण्याआधी त्या मशीनचे घड्याळ तपासावे. त्याला एक मिनिट पुरते. आमच्या ज्युनिअरसाठी ते एक मिनिट कोणीच काढले नाही, मीही नाही.