घटक कोणता?

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आपल्या मंडळींत एक मत फार प्रतिष्ठा पावलेले आहे. देश एक, मग राज्यांच्या सीमा म्हणजे कारभाराच्या सोयीसाठी ओढलेल्या रेषा. त्यांवरून वाद घालणे हे संकुचितपणाचे लक्षण! हे मत ऐकावयास भारदस्त वाटते. परंतु रेषा इतकी क्षुल्लक असेल, तर ती चार मैल सरकविण्यास एवढा विरोध का व्हावा? आणि सोय म्हणजे कोणाची? जमिनीचा उतारा, न्यायालयाचे समन्स, मुलांची शाळा ज्या भाषेत चालते ती आपली नाही, अशा शेतकऱ्याची सोय यात धरली आहे काय?

वस्तुतः सीमा नकाशावर उमटते त्याच्या पुष्कळ आधी ती ठरून गेलेली असते. मोजणीचा घटक कोणता, जिल्हा, तालुका की खेडे, एवढे एकदा ठरले की बाकी सारी बेरीज-वजाबाकी उरते. फाजल अली आयोगाने 1955 च्या अहवालात सामान्यतः जिल्हा हा घटक मानला. आता हा जिल्हा काही भाषा पाहून आखलेला नव्हता. महसूल गोळा करणाऱ्या इंग्रज अमलाने तो आपल्या गरजेप्रमाणे बेतला होता. तरीही नियम म्हणून तो मान्य करता आला असता. पण आयोगानेच बेळगाव जिल्ह्यातून चंदगड तालुका भाषेच्या आधारावर वेगळा काढला. बेळगाव व खानापूर या तालुक्यांतील मराठी बहुसंख्या मात्र पुरेशी ठरली नाही. तेथे जिल्ह्याची एकात्मता आडवी आली.

महाजन आयोगाची तऱ्हा याहून निराळी. 1967 च्या अहवालात त्याने निपाणी, नंदगड, खानापूर यांसह 264 गावे महाराष्ट्रास आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातील गावे धरून 247 गावे तत्कालीन म्हैसूर राज्यास देण्याची शिफारस केली. म्हणजे गावे मोजता येतात हे त्याला मान्य होते. बेळगाव शहराची पाळी आली तेव्हा मात्र शहरातील लोकांची भाषा दुय्यम ठरली व भोवतालचा प्रदेश मुख्य झाला. एकाच अहवालात माप बदलले, की निकालाविषयी शंका घेणाऱ्यास दुराग्रही म्हणता येत नाही.

राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने सीमा बदलण्याचा अधिकार संसदेस दिला आहे. विधिमंडळाचे मत मागवावयाचे, ते मानण्याचे बंधन नाही. 1956 साली विधिमंडळांपुढे तीन घटकांची योजना गेली आणि कायदा झाला तो द्वैभाषिक मुंबई राज्याचा. सर्वोच्च न्यायालयाने बाबूलाल पराते खटल्यात ते वैध ठरविले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. पण ज्याची सीमा हलते त्याला विचारण्याची जागा या व्यवस्थेत कोठेच नाही.

आपल्या पक्षातील काहींनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. बेळगावसाठी शिलालेख व राजघराणी पुढे करण्याची त्यांना हौस आहे. हा पुरावा दुधारी आहे. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूटांचे, आणि तंजावरवर राज्य केले भोसल्यांनी. म्हणून का वेरूळ कर्नाटकाचे अन् तंजावर आपले? आपली बाजू खेडे, सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा या चार तत्त्वांवर उभी आहे. ती तत्त्वे अक्कलकोटच्या कन्नड गावांनाही लागू पडतील, हे मोकळेपणी म्हणण्याची तयारी हवी. ती नसेल, तर 2004 साली सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या दाव्याचे नैतिक बळ आपणच कमी करतो.

खेडे हा घटक धरल्यास देशभर गोंधळ माजेल, हा शेवटचा आक्षेप. आंध्र व मद्रास यांच्या सीमेचा प्रश्न आपल्याच हरि विनायक पाटसकरांकडे आला, तेव्हा त्यांनी खेडे, सलगता व भाषिक बहुमत हीच कसोटी लावली. दोन्ही राज्यांनी ती मान्य केली. 1959 साली कायदा झाला आणि 1 एप्रिल 1960 पासून तिरुत्तणीचा मुलूख मद्रासकडे, तर चिंगलपुट व सेलम जिल्ह्यांतील काही गावे आंध्रकडे गेली. त्या दिवशी दोन्हीकडच्या कचेऱ्यांत दप्तरे बांधून इकडून तिकडे पाठविण्यापलीकडे कोणताही प्रलय झाला नाही.