वारा कुठून आला ते विचारा



पावसानं उघडीप दिली आहे आणि आपल्या महागाव तालुक्यात जिकडं पाहावं तिकडं पाठीवर पंप दिसून राहिले. गुंजकडं, फुलसावंगीकडं, हिवरा संगमच्या काठावर, सगळीकडं फवारणी चालू आहे. कोणतं औषध मारावं यावर रोज कोणी ना कोणी लिहितेच. मी आज औषधावर लिहीत नाही. वाऱ्यावर लिहितो, आणि त्यातही वाऱ्याच्या नावावर.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. "वाऱ्याच्या दिशेने फवारणी करावी" हे जे वाक्य आपण पत्रकात वाचतो, मेळाव्यात ऐकतो, ते बदललं पाहिजे. वाक्य चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. ज्यानं लिहिलं त्याच्या डोक्यात एक अर्थ असतो आणि ज्याच्या पाठीवर पंप आहे तो दुसराच अर्थ घेतो. आणि औषध कोणाच्या नाकातोंडात जाईल हे त्या अर्थावर ठरते.

तुम्हीच करून पाहा. पारावर चार जण बसले असतील तर विचारा, "आज पश्चिमेचा वारा आहे, तर वारा कोणीकडं चालला?" दोघं म्हणतील पश्चिमेकडं, दोघं म्हणतील पूर्वेकडं. यात कोणी अडाणी नाही. आपल्या बोलण्यातच दोन्ही रिती आहेत. स्टँडवर आपण म्हणतो, "नागपूरची गाडी लागली." म्हणजे नागपूरला जाणारी. पण घरी म्हणतो, "दिग्रसचे पाहुणे आले." म्हणजे दिग्रसहून आलेले. गाडीचं नाव जिथं जायचं त्या गावावरून, आणि पाहुण्याचं नाव जिथून आला त्या गावावरून.

वारा हा पाहुणा आहे, एसटी नाही. एवढं एक लक्षात ठेवलं तर अर्धा गोंधळ मिटतो. नवी सून गावात आली की बाया तिला "उमरखेडवाली" म्हणतात, ती उमरखेडहून आली म्हणून. वाऱ्याचंही तसंच. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून आलेला, पूर्वेकडं चाललेला. शाळेत आपण शिकलो ते नैऋत्य मोसमी वारे नैऋत्येकडून येतात, नैऋत्येला जात नाहीत. जगभरचे हवामानवाले हीच रीत पाळतात.

ही रीत अशी का पडली तेही समजून घ्या. वारा आपल्यासाठी काय घेऊन आला हे तो कुठून आला त्यावर असते. कोकणातले दर्यावर्दी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला खारा वारा म्हणतात आणि जमिनीकडून समुद्राकडं जाणाऱ्याला मतलई. आपल्याकडं समुद्र नाही, पण हिशोब तोच. हिवाळ्यात वारा उत्तरेकडून आला की थंडी आणते आणि आभाळ कोरडं राहते. तोच वारा फिरून पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून यायला लागला की बंगालच्या उपसागराची ओल घेऊन येते. मग आभाळ भरते, तुरीच्या फुलाची आणि हरभऱ्यातल्या घाटेअळीची काळजी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडचा ओला वारा आणि पश्चिमेकडचा कोरडा वारा विदर्भावर एकमेकांना भिडले की गारपीट होऊ शकते. म्हणून हवामानवाला "कुठून" विचारतो.

आता दिशा ओळखायच्या कशा? आग्नेय, नैऋत्य, वायव्य, ईशान्य ही नावं पाठ असतात पण वावरात उभं राहिलं की गडबडतात. मी आपल्या महागावला मध्ये धरून गावांनी दिशा लावल्या आहेत. दिग्रस उत्तरेला. यवतमाळ ईशान्येला. माहूर पूर्वेला. सहस्रकुंडाचा धबधबा आग्नेयेला. उमरखेड दक्षिणेला. नांदेड नैऋत्येला. हिंगोली पश्चिमेला. पुसद वायव्येला. झाल्या आठ दिशा. आता "वायव्य वारा" म्हटलं की समजायचं, पुसदचा पाहुणा आला आणि चालला सहस्रकुंडाकडं. बाकी तालुक्यांतल्या भावांनी आपापल्या गावाभोवतीची आठ गावं अशीच लावून घ्यावी. पोरांनाही शिकवा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी अडचण आकड्यांची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा तक्ता असतो. पाऊस, कमाल-किमान तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, आणि वाऱ्याची दिशा अंशात. पावसाचा रकाना सगळे पाहतात. दिशेच्या रकान्यात २७० लिहिलेलं असते, तिथून नजर तशीच पुढं जाते. खरं तर तो आकडा वाचणं लय सोपं आहे. उत्तरेकडं तोंड करून उभं राहा आणि जमिनीवर घड्याळ ठेवलं असं समजा. बारा समोर, म्हणजे उत्तर, ३६० अंश. तीन म्हणजे पूर्व, ९०. सहा म्हणजे दक्षिण, १८०. नऊ म्हणजे पश्चिम, २७०. एक तास म्हणजे ३० अंश. ईशान्य ४५, आग्नेय १३५, नैऋत्य २२५, वायव्य ३१५. आणि हा आकडाही पाहुण्याच्याच रितीचा आहे. २७० म्हणजे वारा नऊच्या काट्याकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो.

तिसरा घोळ मोबाईलचा. बऱ्याच अॅपमध्ये वाऱ्याचा बाण असतो. तो बाण अनेकदा वारा जिकडं चालला तिकडं तोंड करून असतो, आणि बाजूला नाव लिहिलेलं असते वारा जिथून आला त्याचं. म्हणजे लिहिलेलं "पश्चिम" आणि बाणाचं टोक पूर्वेला! हवामान केंद्रावरचा वातकुक्कुट मात्र उलटा. त्याच्या बाणाचं टोक वारा जिथून येते तिकडं असते. दोन्ही बरोबर आहेत, पण ज्याला माहीत नाही तो फसते. म्हणून बाण पाहू नका, नाव वाचा, आणि नावापुढं मनातल्या मनात "कडून" जोडा. पश्चिमेकडून. नैऋत्येकडून. मराठीत "कडून" आणि "कडे" यात फरक एवढासाच दिसते, पण वाऱ्याच्या कामात तो पूर्ण उलट आहे.

हे सगळं कशासाठी सांगून राहिलो? फवारणीसाठी.

२०१७ चा पावसाळा आपल्या जिल्ह्यातला माणूस विसरू शकत नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. कारणं अनेक होती. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, दोन-तीन औषधं एकत्र केलेली, अंगावर ना मास्क ना हातमोजे. वारा हे एकटं कारण नव्हतं, तसा माझा दावाही नाही. पण उंच पऱ्हाटीत पंप मारणाऱ्याच्या तोंडावर औषध आणायचं काम वाराच करते.

आता ते वाक्य परत घ्या. "वाऱ्याच्या दिशेने फवारणी करावी." लिहिणाऱ्याचा अर्थ असा की फवारा वाऱ्यासोबत आपल्यापासून दूर जावा, वाऱ्याच्या तोंडावर मारू नये. पण मजूर समजते की वारा चालला तिकडं चालत फवारायचं. तो तसा चालतो. नळी समोर, वारा पाठीवर. फवारा त्याच्या पुढच्या झाडांवर बसतो आणि लगेच हा त्याच ओल्या झाडांमधून घुसतो. शर्ट, पॅन्ट, हात सगळं भिजते. सांगितलं तसंच केलं, तरी औषध अंगावर घेतलं.

बरोबर रीत अशी. वारा आपल्या कडेला घ्यायचा, म्हणजे चालायचं वाऱ्याला आडवं. वारा ज्या धुऱ्याकडं जाते त्या धुऱ्यापासून सुरुवात करायची आणि एकेक तास वाऱ्याकडं सरकत जायचं. नळी वारा जाते त्या बाजूला धरायची. मग औषध नेहमी फवारलेल्या भागाकडं जाते आणि आपण नेहमी कोरड्या तासात राहतो. पावसाळ्यात आपल्याकडं वारा बहुतेक पश्चिमेकडून नाहीतर नैऋत्येकडून असतो. तास दक्षिण-उत्तर असतील तर पूर्वेच्या धुऱ्यापासून सुरू करा आणि पश्चिमेकडं सरका. तास पूर्व-पश्चिम असतील आणि वारा तासातूनच वाहत असेल, तर पऱ्हाटी चौफुलीवर असल्यास आडव्या ओळीतून चाला. तेही जमत नसेल तर वारा फिरायची वाट पाहा.

खळ्यावर उफणणारी आपली जुनी माणसं हे सारं न शिकता जाणत होती. तिवईवर उभा राहणारा माणूस वारा कडेला घ्यायचा. दाणा खाली, कुटार पलीकडं, आणि अंगावर काही नाही. मळणी यंत्र आलं आणि वाऱ्याकडं पाहायची सवय गेली. कुटार अंगावर आलं तर खाज सुटते. औषध अंगावर आलं तर काय होते ते आपण पाहिलं आहे.

वेगाचंही थोडं सांगतो. इंग्रजांच्या आरमारातल्या ब्यूफोर्ट नावाच्या अधिकाऱ्यानं १८०५ च्या सुमारास यंत्राशिवाय वारा मोजायची रीत बसवली होती. तिचं जमिनीवरचं रूप आपल्या कामाचं आहे. वारा तोंडाला जाणवते आणि पानं सळसळतात, तेव्हा वेग ताशी ६ ते ११ किलोमीटर. पानं आणि बारीक फांद्या सारख्या हलतात, तेव्हा १२ ते १९. धूळ आणि कागद उडायला लागले की २० च्या वर. पानं सळसळतात तोवर फवारणी चालते. फांद्या सारख्या हलायला लागल्या की आटोपतं घ्या. धूळ उडाली की पंप खाली ठेवा. आणि उलटंही ध्यानात ठेवा. पहाटे किंवा सांजेला वारा अगदीच पडला आणि चुलीचा धूर वर न जाता गावावर आडवा पसरून राहिला, तर तेव्हाही फवारू नका. बारीक थेंब तसेच हवेत तरंगत राहतात आणि नंतर कुठं जातील याचा भरवसा नाही.

यात शेजाऱ्याचाही प्रश्न आहे. आपल्या तालुक्यात उसाच्या धुऱ्याला पऱ्हाटी लागून असते. उसात तणासाठी २-४-डी मारतात. ऊस ते सोसतो, पऱ्हाटीला मात्र त्याचा नुसता वाराही सोसत नाही. पानं लांबुळकी होतात, बोटांसारखी चिरतात. कोणी म्हणते रोग आला, कोणी म्हणते बियाणं खराब, आणि कळलं की मग धुऱ्यावर भांडण. यातल्या इस्टर प्रकाराची तर वाफ होऊन तीही वाऱ्यासोबत जाते. उसात तणनाशक मारायच्या आधी वारा कुठून आहे आणि त्याच्या पलीकडच्या अंगाला कोणाची पऱ्हाटी आहे, एवढं पाहिलं तर दोन घरांचं वैर वाचते. वारा पऱ्हाटीकडं जात असेल तर त्या दिवशी मारूच नये.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. कृषी विभागातले आणि विद्यापीठातले जे साहेब हे वाचत असतील त्यांना हात जोडून सांगतो.

एक, हवामान सल्ल्यात नुसते अंश देऊ नका. "वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे" असं पूर्ण लिहा. दोन शब्द जास्त लागतील, पण वाचणारा चुकणार नाही.

दोन, पत्रकातलं ते वाक्य बदला. त्याजागी लिहा, "वारा कडेला घेऊन चाला. वारा जातो त्या धुऱ्यापासून सुरुवात करा." हे मजुराला कळते.

तीन, फवारणीच्या प्रशिक्षणात मास्क आणि हातमोजे दाखवता तशी एक फितही दाखवा. हातभर पातळ कापडाची पट्टी तुराटीला बांधून, पिकाच्या वर राहील अशी धुऱ्यावर रोवायची. सल्ला पूर्ण तालुक्याचा असतो. तुमच्या वावराजवळ नाला असेल, टेकडी असेल, तर वारा तिथं वळते. फीत तुमच्याच वावरातला वारा सांगते. ती ज्या बाजूला उडते तिकडं वारा चालला, आणि त्याच्या उलट बाजूचं नाव वाऱ्याला द्यायचं.

आणि जमीनमालक भावांनो, एक गोष्ट आपल्यालाही. पंप बहुतेक मजुराच्या पाठीवर असतो. पाणी आणून देणाऱ्या बाया तिथंच उभ्या असतात, शेजारच्या वावरात निंदण चालू असते. त्यांना "जा, मार" म्हणून धाडू नका. आधी फीत रोवा, कोणत्या धुऱ्यापासून सुरू करायचं ते दाखवा, पाणी आणणाऱ्या बायांना वारा येते त्या बाजूला उभं करा, आणि मगच पंप भरू द्या. मधात वारा फिरला तर काम थांबवायची मुभा त्या माणसाला द्या, आणि त्यासाठी त्याची मजुरी कापू नका.