तबकडी आणि तारपा

चित्र भिंतीवर राहतें, अक्षर कागदावर राहतें. परंतु स्वर उमटला कीं तत्क्षणीं विरतो. हजारों वर्षें हा नियम अबाधित होता. गवयाबरोबर त्याचा गळा जात असे व मागें उरत असे ती ऐकणाऱ्यांची आठवण. हा नियम प्रथम मोडला तो अमेरिकेंत, १८७७ सालीं. त्या वर्षीं एडिसननें कथिलाच्या पातळ पत्र्यावर मनुष्याचा शब्द उमटवून तो पुन्हां ऐकविला. पुढें दहा वर्षांनीं, १८८७ मध्यें, जर्मनींतून अमेरिकेंत येऊन राहिलेल्या एमिल बर्लिनर यानें नळकांड्याच्या जागीं सपाट तबकडीची युक्ति काढली. एका सांच्यावरून तबकडीच्या वाटेल तितक्या प्रती निघूं लागल्या, आणि गाण्याचा बाजार भरला.

या बाजाराची हकीगत वार्षिकांत सांगण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन हें कीं, तींत गंजाडसारख्या गांवास लागू पडणारा एक धडा आहे, आणि तो आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं वेळींच घ्यावा अशी आमची इच्छा आहे.

बर्लिनरच्या यंत्रांत सुधारणा करणारा कुशल कारागीर एल्ड्रिज जॉन्सन यानें १९०१ सालीं न्यू जर्सी प्रांतांतील कॅम्डन येथें व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी स्थापिली. लंडनची ग्रामोफोन कंपनी १८९८ मध्येंच निघाली होती. कर्ण्यापुढें मान कलती करून धन्याचा आवाज ऐकणाऱ्या कुत्र्याचें जें चित्र आपल्याकडील जुन्या घरांत अजून आढळतें, तें फ्रान्सिस बरॉड या चित्रकारानें काढलेलें. अमेरिकेंत तें व्हिक्टरचें चिन्ह झालें, इकडे 'हिज मास्टर्स व्हॉइस'चें. पुढें १९२९ सालीं व्हिक्टर कंपनी अमेरिकेंतील एका रेडिओ कंपनीनें विकत घेतली. हिंदुस्थानांतील कंपनीचेंहि नांव कालांतरानें बदलून आज 'सारेगामा' झालें आहे. मालक बदलले, जुन्या तबकड्यांतील आवाज मात्र तेच राहिले.

लंडनच्या कंपनीनें फ्रेड गाइसबर्ग या अमेरिकन तज्ज्ञास हिंदुस्थानांत धाडलें. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास त्यानें गौहर जान हिचें गाणें मुद्रित केलें. मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें जात. तेथील कामगारांस हें गाणें कोणाचें हें कळावें म्हणून गायिका गाण्याच्या शेवटीं आपलें नांव स्वतः उच्चारीत असे. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यासच कारखाना निघाला व तबकडी गांवोगांव पोंचली.

महाराष्ट्रांत या कंपन्यांचे डोळे साहजिकच रंगभूमीकडे वळले. नाटकाच्या पदांस गिऱ्हाईक तयार होतें. बालगंधर्वांचा आवाज ज्यांनीं नाटकगृह कधीं पाहिलें नाहीं अशांच्या घरीं गेला. मिरजेस राहणारे अब्दुल करीम खां व त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचें गाणें आज आपण ऐकूं शकतों तें तबकडीच्याच कृपेनें. तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावत. तासभर चालणारा ख्याल तेवढ्यांत बसवावा लागे, व तो बसविण्याची एक निराळीच कला गवयांस साधावी लागली. मुंबईंत १९३५ सालीं 'यंग इंडिया' या छापाच्या स्वदेशी तबकड्याहि निघूं लागल्या व सुमारें वीस वर्षें निघत राहिल्या. हें सर्व ऋण आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों.

परंतु जमेची बाजू पाहिल्यावर वजाबाकीहि पाहिली पाहिजे. 'स्वयंवर' नाटकाच्या पदांस चाली देणारे थोर गायक भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांच्या गळ्याची एकहि तबकडी नाहीं. अल्लादिया खांसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. तबकडीचें युग त्यांच्या डोळ्यांसमोर आलें व फोफावलें, तथापि त्यांचाहि आवाज मागें उरला नाहीं. याउलट त्यांच्याच शिष्या, गोमंतकांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर, यांची भैरवी १९७७ सालीं अमेरिकेनें अवकाशांत सोडलेल्या व्हॉयेजर यानांतील सोनेरी तबकडीवर कोरली गेली. गुरूचा स्वर भूतलावर कोठेंहि नाहीं. शिष्येचा स्वर ग्रहमालेच्या पलीकडे चालला आहे! एक आवाज मुद्रित झाला व दुसरा झाला नाहीं, एवढाच काय तो भेद. पण त्याचें फळ केवढें!

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. ती जुनी तबकडी कशाची होत असे हें फार थोड्यांस ठाऊक असेल. तिचें मुख्य द्रव्य लाख, आणि लाख ही हिंदुस्थानच्या रानांतील पैदास. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवरील किडे ती तयार करतात व तेथील आदिवासी ती गोळा करीत. म्हणजे साऱ्या जगाचें गाणें ज्या द्रव्यावर कोरलें गेलें तें रानांतल्या माणसाच्या हातचें होतें. परंतु रानांतल्या माणसाचें गाणें त्यावर क्वचितच आलें. यांत कंपन्यांचा कपटभाव होता असें आम्ही म्हणत नाहीं. व्यापारी विकेल तें सांठवितो. वाळलेल्या दुध्या भोपळ्याचा, बांबूचा व ताडाच्या पानांचा तारपा सुगीनंतर पाड्यावर घुमतो, त्याभोंवतीं फेर धरला जातो. तो ऐकण्यास कोणी दाम मोजीत नाहीं, व कोणी तिऱ्हाईताची वाट पाहत नाहीं. लग्नांत धवलेरी जीं गाणीं म्हणतात तीं त्यांना मुखोद्गत असतात. त्यांची दुकानांत मागणी नाहीं. मागणी नाहीं म्हणून सांठा नाहीं, हा बाजाराचा सरळ न्याय होय.

मात्र बाजारानें जें टाकलें तें नष्टच व्हावें असा कोणताहि ईश्वरी नियम नाहीं. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीच्या निमित्तानें १९१३ ते १९२९ या काळांत या देशांतील अनेक बोलींचे नमुने तबकड्यांवर घेतले गेले. पवित्र शास्त्रांतील उधळ्या पुत्राचा दाखला निरनिराळ्या बोलींत बोलवून घेण्याची त्या पाहणीची पद्धत होती. त्यांत विक्रीचा हेतु नव्हता. कोणास तरी त्या बोलींची किंमत वाटली, एवढेंच पुरें झालें. याहून जवळचें उदाहरण खुद्द गंजाडचें आहे. भिंतीवर तांदळाच्या पिठानें काढलेला वारली चौक लग्नाबरोबर उजळे व कालांतरानें पुसला जाई. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रकारानें येथें येऊन कागद व रंग हातीं दिले, आणि जिव्या सोमा म्हसे यांची चित्रें जगभर गेलीं. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली; २०१८ मध्यें ते निवर्तले, परंतु चित्रें आहेत. त्या चित्रांत फेराच्या मध्यभागीं तारपेवाला उभा असतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, चित्रांतल्या तारप्यास जगानें पाहिलें; आतां त्याचा सूरहि जतन झाला पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल व तो वजनदार आहे. यंत्रांत कोंडलेलें गाणें मेलेलें गाणें होय. अल्लादिया खांसाहेबांचा गळा गेला तरी त्यांची गायकी शिष्यांच्या मुखीं राहिलीच ना? खरें आहे. म्हणूनच आम्ही प्रथम कर्तव्य शिकण्याचें मानतों व दुसरें मुद्रणाचें. ज्या मुलाच्या आजोबांस तारपा येतो त्यानें आधीं तो हातीं घ्यावा, श्वास न तोडतां फुंकावा. परंतु खांसाहेबांपुढें शिष्य बसले होते. आजोबांपुढें कोणी बसलाच नाहीं तर काय उरेल? तेव्हां शिकणारा मिळेपर्यंत तरी स्वर राखून ठेवणें अवश्य आहे.

साधनाची सबब आतां चालणार नाहीं. गाइसबर्गास जीं यंत्रें जहाजांतून आणावीं लागलीं त्यांहून अधिक सामर्थ्य आज पालकांच्या मोबाईलमध्यें आहे, व तीन मिनिटांची मर्यादाहि उरलेली नाहीं. मात्र कांहीं पथ्यें पाळावीं. ज्यांचें गाणें त्यांची परवानगी आधीं घ्यावी. जें गाणें अमक्याच विधींत म्हणावयाचें असा नेम असेल, तेथें त्यांचा शब्द अखेरचा मानावा. गाणाऱ्याचें नांव, पाडा, दिवस, प्रसंग व तें कोणाकडून शिकलें हें वहींत लिहावें. ज्यास नांव नाहीं तें गाणें लवकरच बेवारशी ठरतें. शब्दांचा अर्थ तेव्हांच विचारून घ्यावा. मुद्रण निदान दोन ठिकाणीं ठेवावें, कारण एकाच कोठारावर विसंबणें घातक असतें. १ जून २००८ रोजीं अमेरिकेंतील युनिव्हर्सल स्टुडिओस लागलेल्या आगींत कित्येक गायकांचीं मूळ मुद्रणें जळून गेलीं. आणि त्या गाण्यापासून उद्यां पैसा निघाला तर तो गाणाऱ्याचा, हें आजच मनाशीं ठरवावें.

विद्यार्थिमित्रहो, मोठ्या कंपन्यांनीं आपलें काम केलें. त्यांनीं सोडलेलें काम आपल्या वाट्यास आलें आहे. तें कोणी परका येऊन करील अशी वाट पाहण्यांत शहाणपण नाहीं, कारण वृद्धांचें आयुष्य कोणासाठीं थांबत नाहीं. येत्या सुगीला तारपा घुमेल तेव्हां त्याच्या भोंवतीं फेर धरा. आणि फेर संपला म्हणजे तारपेवाल्याच्या शेजारीं बसून त्याचें नांव, त्याच्या गुरूचें नांव व त्याचा सूर नीट उतरून घ्या.